गच्चीवरची काळी धूळ

ए-४०२ वहिनी: गच्चीत जाऊन बघा एकदा. शाबूच्या पापड्या सकाळी पांढऱ्या घातल्या, तीनला तीळ लावल्यागत. गेल्या साली पण हेच झालं, तेव्हा 'बघतो' म्हटलेलं. कुणी ते सांगत नाही.

चेअरमन: नमस्कार वहिनी. विषय गंभीर आहे. बघतो.

बी-२०३: हाहाहा

सी-१०१ काका: लेखी अर्ज द्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाला.

ए-१०४: हायवेच्या कामाची धूळ असंल ओ.

बी-३०१ मामा: न्हाई. ३२ वर्षं फौंड्रीत काढल्यात. पापडीवरची धूळ कागदावर झटकली आणि खालनं लोहचुंबक फिरवला. कण मागं पळाले.

ए-१०४: मामा, आपल्या काळ्या दगडाच्या मातीतबी मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज, असतं. ते पण पळतंय.

बी-३०१ मामा: बरं. मग बोटावर चोळा. काजळीगत उठतंय. ग्रीन सँड म्हंजे ओतकामाच्या साच्याची वाळू. नावाला हिरवी, त्यात कोळशाची भुकटी घालत्यात. मागच्या कारखान्याचा वापरलेल्या वाळूचा ढीग हाय तो.

ए-४०२ वहिनी: मग पाणी मारायला काय होतंय त्यांना?

बी-३०१ मामा: मारत्यात की, सकाळी एकदा. वाळूत बेंटोनाइट, म्हंजे चिकट माती, असतंय, त्यानं वर खपली धरती. खपली हाय तोवर वारं काय करत न्हाई. दुपारी लोडर टोकरतोय, आतली कोरडी वाळू उघडी पडती, आणि नेमकं तवाच पश्चिमेचं वारं सुटतंय. लोडर उठला की लगेच पाणी पाहिजे. ढीग बुटका पाहिजे. आणि भक्कम भिंत नको, जाळी पाहिजे. भिंतीपलीकडं वारं भोवरा करतंय, जाळीत त्याचा जोर मोडतोय.

सी-१०१ काका: हे सगळं अर्जात लिहा. लेखी.

बी-२०३: पाण्याऐवजी मळी मारा. कोल्हापुरात काय कमी हाय?

बी-३०१ मामा: चेष्टा करू नगंस. कच्च्या रस्त्यावर मारत्यात काही ठिकाणी.

ए-४०२ वहिनी: आणि मुंग्या कोण हाकलणार?

बी-१०२ ताई: पापडीवर दिसते ती जाड धूळ. छातीत जाते ती दिसतच नाही. पीएम १० ची, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आणि कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहेच, अभिमानाची यादी नव्हे ती.

ए-१०४: अर्जात गेटजवळचा क्रश सँडचा ढीग पण घालायचा का? कुणाच्या बाल्कनीचं काम ते सगळ्यांना माहीत आहे.

चेअरमन: तो तात्पुरता आहे. दोनच ट्रॉल्या.

ए-१०४: दिवाळीपासून तात्पुरता.

चेअरमन: मेंटेनन्स कुणाचा थकलाय हे मी ग्रुपवर लिहीत नाही. संस्कार आहेत.

बी-३०१ मामा: साहेब, ताडपत्री टाका, कडंनं विटा ठेवा. विषय संपला.

चेअरमन: गणपतीच्या मांडवाची ताडपत्री बी-२०३ कडे आहे.

बी-२०३: माझ्याकडं न्हाई. गच्चीवर आहे, वहिनींच्या मिरच्यांखाली.

ए-४०२ वहिनी: चटणीच्या मिरच्या आहेत. वाळल्याशिवाय ताडपत्री मिळणार नाही.

सी-१०१ काका: लेखी अर्ज द्या.