मदत हवी आहे: ऑर्थो (हाडांच्या) वॉर्डात नव्याने येणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना पहिल्या दिवशी काय शिकवावं?

नमस्कार. मी सांगलीत एका हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात इनचार्ज सिस्टर आहे. सोमवारपासून जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाच्या आठ मुली येतायत, बहुतेक जत-आटपाडीकडच्या.

मागच्या बॅचला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. रजिस्टरं, ट्रॅक्शन (वजन लावून पाय ताणून ठेवणं), ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी), ड्रेसिंगची ट्रॉली. तिसऱ्या दिवशी एकीने प्लास्टरच्या पेशंटचं बीपी, टेम्परेचर अगदी नीट लिहिलं, पण पायाची बोटं बघितलीच नाहीत. ती गार पडली होती. नख दाबून सोडलं की २ सेकंदांत रंग परत यायला हवा, तो येत नव्हता. म्हणजे प्लास्टर घट्ट होऊन रक्त पोचत नव्हतं. राउंडला माझं लक्ष गेलं म्हणून ते लगेच चिरता आलं. पोरगी रडली. चूक तिची नव्हती, मीच ते ठसवलं नव्हतं.

आता वाटतं, पहिल्या दिवशी एवढंच शिकवावं: बोटांचा रंग, ऊब, हालचाल, मुंग्या. आणि दुखण्याचं इंजेक्शन देऊनही दुखणं वाढतंय असं पेशंट म्हणाला, तर तडक सिस्टरला सांगायचं. बरोबर आहे का हे?

प्रत्येकीला एका स्टाफबरोबर जोडून देता का? नाइटला माणसं कमी असतात, तिथे काय करता? कुणी मराठीत एक पानी माहिती केली असेल तर कृपया पाठवा. रविवारपर्यंत मिळाली तर झेरॉक्स काढून ठेवीन.