मेळघाटातल्या वाघांच्या जंगलातली आतली गावं उठवून खाली सपाटीला आणावीत का? माझं मत: हो

जुने_गुरुजी:

मेळघाट व्याघ्रप्रकल्पात, सेमाडोहच्या आतल्या एका कोरकू आदिवासी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी अकरा वर्षं काढली. चाळीसेक घरांचं गाव. नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात.

एका जुलैत रात्री एका बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. आम्ही बाज उलटी केली, तिला दोन बल्ल्या बांधल्या, वर ताडपत्री टाकली आणि निघालो. चार किलोमीटरवर नाला. रपट्यावरून, म्हणजे नाल्यातल्या बुटक्या फरशीवरून, छातीएवढं पाणी. १०८ ची गाडी पलीकडे उभी, तिचे दिवे आम्हाला दिसत होते. पाणी उतरेपर्यंत बाळ तिथंच काठावर जन्मलं. सकाळी वजनकाट्यावर पावणेदोन किलो भरलं. सहाव्या दिवशी गेलं.

धारणी ते अमरावती हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये सगळा घाट. १९७३ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प जाहीर झाले, त्यात मेळघाट होता. तेव्हापासून गाभा क्षेत्रातल्या, म्हणजे फक्त वाघांसाठी राखलेल्या आतल्या भागातल्या गावाला रस्ता, पूल, विजेची तार, काहीही हवं असलं की वन्यजीव परवानगीची फाइल फिरते. मी असेपर्यंत आमच्या रपट्याचा पूल झाला नाही. पाच वर्षांच्या पोराला "थांब, व्यवस्था सुधारेल" असं कोणत्या तोंडानं सांगायचं? ज्यांना उतरायचं आहे त्यांना जमिनीसकट, लवकर उतरवा. २०२१ पासून दर कुटुंबाला १५ लाखांची तरतूद आहे, आणि अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो. माझ्या मते हे गावाच्या भल्याचं आहे.

उतरलेल्या_गावचा:

नमस्कार गुरुजी. मी अशाच उतरलेल्या गावचा आहे, आता अकोटच्या बाजूला राहतो. आमच्या वेळी १० लाख होते. पैसे खात्यात आले त्या महिन्यात गावात मोटारसायकलवाले, प्लॉटवाले, व्याजानं पैसे देणारे असे सगळे येऊन गेले. बाबांना सहीसुद्धा येत नव्हती. त्यांनी घर बांधलं, बहिणीचं लग्न केलं, आणि तीन वर्षांत खातं रिकामं झालं.

तुम्ही पैसे मोजले. आई काय आणत होती ते मोजा. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं. पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब), कंद, नाल्यातले खेकडे. सरपण, घराचा बांबू, औषधाची साल. यातल्या कशालाही पैसे पडत नव्हते. इथं आल्यावर आईनं पहिल्यांदा लाकडाची मोळी विकत घेतली. ती दारात ठेवून बराच वेळ नुसती बघत बसली होती. पितरांसाठी कोरलेले लाकडी खांब तिकडेच राहिले. त्यांच्यासमोर पूजा करायला आता वनविभागाच्या नाक्यावर विचारून जावं लागतं.

केलपाणी, गुल्लरघाट या उठवलेल्या गावांची माणसं जानेवारी २०१९ मध्ये परत जंगलात गेली आणि वनविभाग-पोलिसांशी संघर्ष झाला, ते आठवतं ना? खाली सगळं नीट मिळालं असतं तर लेकरंबाळं घेऊन त्या थंडीत कोण कशाला गेलं असतं?

परतवाडा_धारणी:

गुरुजी, तुमच्या पोस्टमधली गाठ मला सुटत नाही. सोयी नाहीत म्हणून गाव हलवायचं, आणि गाव हलणार आहे म्हणून सोयी द्यायच्या नाहीत. पन्नास वर्षं हेच चाललंय.

दुसरं असं की कुपोषण फक्त गाभ्यात नाही. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या गावांतही कमी वजनाची मुलं आहेत. १९९३ च्या बालमृत्यूंनंतर मेळघाटाचं नाव देशभर झालं, १९९५ मध्ये कुपोषण आणि बालमृत्यू रोखायला नवसंजीवन योजना आली, उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या. तरी माणसं दिवाळीनंतर गाव सोडून हरभरा सोंगायला, वीटभट्टीवर जातातच. अंगणवाडीत नाव असलेलं पोर तेव्हा कुठल्या तरी शेताच्या बांधावर झोळीत असतं. होळीला परत येतं तेव्हा दंडघेर, म्हणजे दंडाची जाडी, कमी झालेला. हे रोजगाराचं दुखणं आहे. गाव हलवून ते कसं जाईल?

गाभ्याबाहेर दुसरा रस्ताही आहे. पायविहीर गावच्या लोकांना सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा मिळून हक्क मिळाला. त्यांनी उजाड टेकडीवर जंगल राखलं आणि स्वतःची सीताफळं विकली.

वाघांच्या_बाजूनं:

मी गुरुजींच्या बाजूनं आहे. उठलेल्या गावांच्या जागी आज कुरणं आहेत, तिथं सांबर आणि गवा चरताना मी स्वतः पाहिलेत. सिपना, खापरा, गडगा या नद्यांचं पाणी पुढे तापीला जातं. हे जंगल राहिलं तरच खालच्या शेतकऱ्याला पाणी आहे. मात्र वनहक्क कायद्यात ग्रामसभेची संमती आहे, आधी हक्क आणि मग पुनर्वसन असा क्रम आहे. तो जिथं पाळला नाही तिथं माझंही समर्थन नाही.

आरोग्यसेविका_धारणी:

मी बावीस वर्षं या भागात आहे. गुरुजी, राग मानू नका. ती बाई आठ दिवस आधी माहेरघरात आली असती तर नाल्यापर्यंत वेळच आली नसती. प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ गरोदर बाईनं आधीच येऊन राहावं, जेवण आणि बुडालेली मजुरी मिळावी, यासाठीच ही सोय आहे.

पण बाया का येत नाहीत हे मी त्यांच्या ओट्यावर बसून ऐकलंय. घरी दोन लहान पोरं, शेळ्या, पेरणी तोंडावर. माहेरघरात कोणाला कोरकू येत नाही. नर्सबाई मराठीत ओरडते, ती का ओरडते तेही कळत नाही. कोरकू ही मराठीच्या जवळची भाषाच नाही, मुंडा कुळातली आहे. आमच्याकडे एक कोरकू बोलणारी आया होती, तोपर्यंत खोल्या भरलेल्या असायच्या. ती गेली आणि खोल्यांत धान्याची पोती आली.

भुमकाबद्दलही, म्हणजे गावच्या पूजा-उपचार करणाऱ्या मांत्रिकाबद्दलही बोलते. बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे डंबे देतात, ते पाहून माझा जीव तुटतो. तरी मी भुमकाशी भांडणं सोडलं. आता त्याला सांगते, तुझी पूजा कर आणि बाळाला माझ्याकडे पाठव. तो पाठवतो. हे गाव खाली आणलं तरी करावं लागेल आणि वर ठेवलं तरी. बाईशी तिच्या भाषेत बोलणारं माणूस आधी नेमा, मग गावांच्या जागा ठरवा.

जुने_गुरुजी:

ताई, राग कशाचा. त्या बाईला माहेरघरात जा म्हणून मीच सांगायला गेलो होतो. ती हसून म्हणाली, "पेरणी झाली की." मी मराठीत सांगितलं आणि तिनं मराठीत उत्तर दिलं. अकरा वर्षांत माझी कोरकू "इकडे ये, बस, जेवलास का" एवढ्यावर थांबली. ते माझं चुकलं. मी पोरांना त्यांची भाषा सोडायला लावून पाढे शिकवत होतो.

तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. मी नाल्याच्या अलीकडे उभा राहिलोय. ज्या घराला उतरायचंय त्याला अडवणारे आपण कोण? फक्त रोख रक्कम देऊन मोकळं होणं मला आता मान्य नाही. जमीन, अंगणवाडी आणि मोह-तेंदू गोळा करायला परत जाण्याचा हक्क, हे तिन्ही आधी कागदावर हवं.

उतरलेल्या_गावच्या भाऊ, तुमच्या गावाचे वनहक्काचे दावे उतरण्याआधी निकाली निघाले होते का?

उतरलेल्या_गावचा:

नाही सर. तलाठी म्हणाला नंतर होईल. ग्रामसभा झाली ती एका दुपारी. बाया नाल्यावर होत्या.

जुने_गुरुजी:

मग ते २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४ मधल्या पोटकलम २ मध्ये बसत नाही. हक्क ठरवण्याची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय तिथून हलवता येत नाही. १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवणारा जो कागद असेल, दंडाची पावती, जुनी मतदारयादी, काहीही, तो वेगळा काढून ठेवा. मी रविवारी अकोटला येतो. आईलाही बसवा. कुठल्या नाल्यापासून कुठल्या टेकडीपर्यंत मोह वेचत होत्या ते त्यांनाच सांगावं लागेल, आणि नकाशा त्यावरून काढायचाय.

आरोग्यसेविका_धारणी:

त्या कोरकूत सांगतील, गुरुजी. लिहून घ्यायला मी येते.