जिल्हा कबड्डी संघ उत्तरार्धात का कोसळतात? दोष मॅटचा की आपल्या स्पर्धांचा?

उजवा कोपरा, अलिबाग

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. किनाऱ्यावरच्या तिन्ही जिल्ह्यांच्या पुरुष संघांबद्दल बोलायचं आहे. रायगडचा दरारा अजून टिकून आहे. रत्नागिरीची पोरं कधी कुणाला धक्का देतील याचा नेम नाही. सिंधुदुर्गाला बाद फेरी गाठायलाच झगडावं लागतं. पण तिघांचं दुखणं एकच: मध्यंतराला बरोबरीत असलेला सामना शेवटच्या दहा मिनिटांत हातचा जातो.

माझ्या मते याचं मुख्य कारण म्हणजे सराव मातीवर आणि निवड चाचणीपासून पुढचं सगळं मॅटवर. बूट पायात येतात शेवटच्या आठवड्यात. मातीवर घोटा धरताना कोपरारक्षक, म्हणजे कोपऱ्यात उभा राहणारा बचावपटू, गुडघ्यावर घसरत आत शिरतो, माती त्याला दीड-दोन फूट पुढे नेते. मॅटवर गुडघा टेकला की तिथेच अडकतो, सालं निघतात आणि हात वीतभर मागे राहतो. चढाईपटू तेवढ्या वितीत सुटतो.

दुसरं, स्वतःहून बाद होणं. गावच्या मैदानात दुसऱ्या डावापर्यंत राखीव क्षेत्राची, म्हणजे दोन्ही कडांच्या मीटरभर पट्टीची, रेषा पायाखाली पुसली गेलेली असते. टाच बाहेर पडली तरी रेषापंच काय बघणार? मॅटवर राखीव क्षेत्र वेगळ्या रंगाचं असतं. झटापट सुरू होण्याआधी पाय तिथे पडला की सरळ बाद. असे तीन-चार गुण फुकट गेल्यावर सामना जिंकायचा कसा?

म्हणून माझी मागणी एकच, प्रत्येक तालुक्याला एक मॅट. मैदान 13 बाय 10 मीटर, चारही बाजूंना मीटरभर मोकळी जागा धरली तर 15 बाय 12. म्हणजे एकमेकींना जोडून मॅट बनते अशा एक मीटरच्या 180 लाद्या.

लाल माती

साफ असहमत. मॅट आली की कबड्डी सुधारते, हा समज आधी डोक्यातून काढा. पकडीची हिंमत येते ती मातीतून, कारण तिथे चढाईपटू ओढला तर येतो. मॅटवरच वाढलेली पोरं हाताचा स्पर्श वाचवत मागे मागे सरकतात आणि शेवटी अंतिम रेषेबाहेर जातात.

खरं तर आपली मातीची मैदानंच आता नीट होत नाहीत. जांभ्याची माती टाकायची तर आधी चाळायला हवी, त्यातला वाटाण्याएवढा खडासुद्धा गुडघा फोडतो. थर किमान चार बोटं हवा. आदल्या संध्याकाळी पाणी, सकाळी धुमसाने ठोकणं, सामन्याआधी पुन्हा हलकं शिंपण. जास्त पाणी झालं तर वर पापुद्रा धरतो आणि पाय सटकतो, कमी पडलं तर पहिल्या सामन्यातच धुरळा. रेषा कळीच्या चुन्याने मारू नका, डोळ्यात आणि खरचटलेल्या जागी आग होते. रांगोळी किंवा खडूची भुकटी वापरा आणि दर सामन्यानंतर रेषा पुन्हा ओढा. एवढं केलं तर पुसलेल्या रेषेची तुमची तक्रार मातीवरच मिटते.

उजवा कोपरा, अलिबाग

रेषेचं मान्य, पण घसरण्याचं काय? 2018 च्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. कप्तान रिशांक देवाडिगा. त्या संघातले बरेच जण प्रो कबड्डीत मॅटवर खेळून तयार झालेले होते. सवय हाच फरक आहे, दादा. आणि दुखापतीचाही विचार करा. अनवाणी पाय मातीवर वळताना थोडा सरकतो म्हणून गुडघा वाचतो. बूट घालून मॅटवर पाय रोवला आणि झटक्यात अंग फिरवलं, तर पाय जागेवर आणि मांडी फिरलेली. गुडघ्याचा अस्थिबंध जातो तो तिथे. आठवडाभराच्या सरावात हे वळण अंगात येत नाही. पावलं लहान ठेवून, टाच उचलून वळायची सवय लागायला महिना तरी हवा.

तिसरी चढाई

तुम्ही दोघंही मैदानाकडे बघताय, मी घड्याळाकडे बघतो. पुरुषांचा सामना 20-5-20, म्हणजे वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती. एक चढाई जास्तीत जास्त 30 सेकंदांची. म्हणजे 40 मिनिटांत साधारण 80 चढाया, संघाला 40. आता आपल्या गावच्या स्पर्धा बघा. रात्रीत सामने उरकायचे म्हणून 10-5-10. संघाला चढाया आल्या 20.

गावचा हुकमी चढाईपटू त्यातल्या बारा एकटा मारतो आणि हिरो होतो. जिल्ह्याच्या संघात त्याच हिशेबाने त्याला चोवीस माराव्या लागतात. पंधराव्या-सोळाव्या चढाईला त्याचा दम संपतो, हात लांब जात नाही, मग तो बोनसवर, म्हणजे बोनस रेषा ओलांडून मिळणाऱ्या एका गुणावर, समाधान मानायला लागतो. समोरच्यांचे सहा-सात जण मैदानात असतील तोवर बोनस मिळतो, पाच उरले की तोही बंद. दुसरा आणि तिसरा चढाईपटू तयारच केलेला नसतो. उत्तरार्धात कोसळतो तो इथे. माती असो की मॅट, शेवटच्या वीस चढायांचा सराव आपली पोरं कधी करतच नाहीत.

आघाडी राखणं हेसुद्धा शिकवावं लागतं. दोन रिकाम्या, म्हणजे गुणाविना, चढाया काढल्या की आपल्या बाजूचाच मिनिट जातो, पण प्रत्येक वेळी ‘निदान रेषा’ (समोरच्या अंगणातली, चढाईपटूने ओलांडायची रेषा) ओलांडून यावंच लागतं, नाहीतर बाद. तिसरीला गुण हवाच. ही तिसरी चढाई कुणी मारायची हे आधी ठरलेलं हवं. आपल्याकडे त्या क्षणी सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

लाल माती

हे पटलं. पण 20-5-20 खेळवणं मंडळांना झेपणार कसं? 32 संघांच्या बाद पद्धतीत 31 सामने होतात. अदलाबदलीसह सामन्याला एक तास धरला तरी 31 तास.

तिसरी चढाई

सगळे पूर्ण वेळेचे खेळवू नका. सुरुवातीचे 24 सामने 10-5-10, अर्ध्या तासाचे, म्हणजे 12 तास. उपउपांत्यपूर्व फेरी त्यातच संपते. उपांत्यपूर्वपासूनचे सात सामने पूर्ण वेळेचे, सात तास. एकूण 19. शेजारी दुसरं मैदान आखलं तर दोन रात्रींत आरामात बसतं. आणि राखीव पाच खेळाडू बाकावर बसवायला नसतात, त्यातले दोन तरी उतरवलेच पाहिजेत असा नियम मंडळाने स्वतःच्या स्पर्धेपुरता लावावा.

गुहागरची कबड्डीप्रेमी

सगळी चर्चा पुरुष संघांवरच चाललीय. मुलींचं मैदान 12 बाय 8, हे किती गावांत आखलं जातं? मुलांच्याच मैदानात सराव, त्याच रेषा. मुलांची निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर, मुलींची 3 मीटरवर. सरावात पाऊण मीटर जास्त आत जायची सवय लागली की सामन्यात मुलगी नको तेवढी खोल शिरते आणि कोपऱ्यांच्या हातात सापडते. बचावाचंही तसंच. दोन्ही बाजूंचं राखीव क्षेत्र सोडलं तर मुलांना 8 मीटर रुंदी मिळते, मुलींना 6. रुंद मैदानात शिकलेल्या कोपरारक्षक फार फाकून उभ्या राहतात, मग मधल्या दोघींची हात धरून केलेली साखळी एकटी पडते. एकाच मैदानात दुसऱ्या रंगाने आतल्या रेषा मारायला कितीसा वेळ लागतो? आणि सराव साडेसहाला संपवा. शेवटची एसटी चुकली की दुसऱ्या दिवसापासून मुलीचं येणं बंद होतं, मग संघात सातजणीही उरत नाहीत.

उजवा कोपरा, अलिबाग

ताई, रेषांचा हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. अगदी बरोबर.

मालवणचो

तुमचा सगळा खरा, पण खेळणारी पोरां खंय आसत? बारावी झाली की मुंबई. चांगला चढाईपटू नोकरी आणि सरावासाठी मुंबई शहर किंवा उपनगरकडून खेळतो, त्याला दोष कसा देणार? जी गावात उरतात त्यांना टेनिस क्रिकेट खेचतं. तिथे बक्षीस मोठं, सामना दहा षटकांत संपतो, मोबाईलवर थेट दिसतो. 2024 पासून टेनिस चेंडूची दहा षटकांची मोठी लीगही सुरू झाली, तेव्हापासून ओढ आणखी वाढली. मॅट घेतली तरी तिच्यावर उतरणार कोण?

तिसरी चढाई

जाणाऱ्याला थांबवता येणार नाही, पण जायच्या आधीचे चार पावसाळे आपल्या हातात आहेत. जून ते सप्टेंबर मातीचं मैदान म्हणजे चिखल, सराव ठप्प. क्रिकेटही तेव्हा बंदच असतं. कोवळ्या पोरांच्या अंगात खेळ मुरायचा काळ नेमका हाच, आणि तो आपण वाया घालवतो. इथे मात्र मी उजव्या कोपऱ्याच्या बाजूचा. मॅट हवी, पण पावसाळ्यासाठी.

उजवा कोपरा, अलिबाग

चातुर्मासात मंगल कार्यालयं रिकामीच असतात. 15 बाय 12 मीटरचा खांब नसलेला हॉल असला की झालं. जमीन मात्र सपाट बघा. एखादी फरशी जरी वर आली असेल तर लाद्यांचा सांधा उघडतो आणि पायाचं बोट त्यात अडकतं. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून दोन कोरडी फडकी बाजूला हवीत आणि पाच-सहा चढायांनंतर पुसणं हवं. सराव संपल्यावर लाद्या जमिनीवर रचू नका, खालून बुरशी धरते. आधी ओल्या फडक्याने पुसा, पंख्याखाली वाळवा, मग फळ्यांवर चाळीसचा एक असे थर लावा. तीन सेंटीमीटर जाडीच्या चाळीस लाद्या म्हणजे कमरेच्या वरपर्यंत. 180 चे पाच थर होतात, एका भिंतीला बसतात. उन्हात वाळवू नका, लादी वाकते आणि मग सांधे बसत नाहीत.

लाल माती

पावसाळ्यापुरती मॅट मलाही चालेल. पण दिवाळीनंतर पोरं पुन्हा मातीत उतरली पाहिजेत. आठवड्यातले चार दिवस माती, दोन दिवस मॅट. आणि मॅटवरच्या त्या दोन दिवशी पूर्ण 20-5-20, घड्याळ लावून.