टीडीएस कापून आलेल्या फीची नोंद कशी करावी?

प्रश्न : वास्तुविशारद, सांगली

नमस्कार. पुण्यातील नोकरी जुलै २०२५ अखेर सोडून ऑगस्टपासून मी सांगलीत स्वतंत्रपणे काम सुरू केले आहे. दरमहा ६०,००० रुपये पगार होता आणि कराचे सगळे कंपनीच पाहत असे, त्यामुळे हिशेब ठेवण्याची वेळ कधी आली नव्हती. गेल्या महिन्यात एका बांधकाम व्यावसायिकाला ८०,००० रुपयांचे बिल दिले, खात्यात ७२,००० जमा झाले आणि मी वहीत ७२,०००च लिहिले. शिवाय काही घरमालक महापालिकेचे छाननी शुल्क माझ्या खात्यावर पाठवतात व मी ते पुढे भरते, त्यामुळे पासबुकात जमा दिसणाऱ्या रकमेपैकी माझी कमाई किती, हे मलाच सांगता येत नाही. मार्चअखेर फी सुमारे ९ लाख होईल. वही कशी ठेवावी आणि कर किती पडेल?

उत्तर : करसल्लागार, मिरज

वहीतील ती नोंद आधी दुरुस्त करा. आपली फी ८०,००० आहे. कापलेले ८,००० म्हणजे टीडीएस; पैसे देणाऱ्याने तो आपल्याच पॅनवर सरकारकडे भरलेला कर आहे आणि विवरणपत्रात तो आपल्या करातून वजा होतो. ७२,००० दाखवल्यास आयकर खात्याकडील माहितीशी आपला आकडा जुळणार नाही.

वास्तुविशारदांना कलम ४४ एडीएची सोय आहे. वर्षाची फी ५० लाखांपर्यंत, किंवा रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असल्यास ७५ लाखांपर्यंत असेल, तर किमान निम्मी फी उत्पन्न म्हणून दाखवता येते. उरलेली रक्कम खर्चापोटी गेली असे कायदाच मानतो, म्हणून भाडे, संगणक, पेट्रोल पुन्हा वेगळे वजा करता येत नाही. आपल्या ९ लाखांचे ४,५०,००० धरले, त्यात चार महिन्यांच्या २,४०,००० पगारातून पगारदारांना मिळणारी ७५,००० ची ठरावीक (प्रमाणित) वजावट जाऊन उरलेले १,६५,००० मिळवले, तर ६,१५,००० होतात. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे कापलेला सगळा टीडीएस परत मिळेल; मात्र त्यासाठी आयटीआर-४ हे विवरणपत्र भरावेच लागेल. पुढे कधी टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा त्याहून अधिक कर निघत असेल, तर या कलमाखाली आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरतात.

उत्तर : वास्तुविशारद, कोल्हापूर

ताई, छाननी शुल्काचा गुंता मीही सोसला आहे. शक्यतो घरमालकालाच ते परस्पर भरायला सांगा. ते जमत नसेल तर पावती त्यांच्या नावे घ्या, बिलात फी आणि शुल्क दोन वेगळ्या ओळींत दाखवा आणि व्यवसायासाठी स्वतंत्र बँक खाते आजच उघडा. माझ्या वहीत तारीख, बिल क्रमांक, पूर्ण फी, कापलेला टीडीएस, हाती आलेली रक्कम आणि घरमालकाचे छाननी शुल्क असे सहा रकाने आहेत, आणि दर महिनाअखेरीस मी ते पासबुकाशी ताडून पाहतो.

बिलावर पॅन ठळक छापा. एका बिल्डरच्या कार्यालयाने माझ्या पॅनमधील एक अक्षर चुकवले होते; २६ एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या पत्रकात, रक्कम दिसेना आणि त्यांच्याकडून दुरुस्ती विवरण भरून घेईपर्यंत माझा परतावा अडकून राहिला. दर तिमाहीनंतर २६ एएस उघडून पाहत जा. कापणाऱ्याला जानेवारी ते मार्चचा टीडीएस दाखवण्याची मुदत ३१ मे असते, म्हणून एप्रिलमध्ये विवरणपत्र भरण्याची घाई करू नका. घरमालक बहुधा टीडीएस कापत नाहीत, पण २६ एएसमध्ये दिसली नाही तरी ती फीसुद्धा उत्पन्नच आहे.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नोंद दुरुस्त केली आणि पावत्यांची वेगळी फाइलही लावली. जीएसटीची नोंदणी आताच करावी का?

करसल्लागार, मिरज

सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही; मात्र ही मर्यादा पूर्ण फीवर मोजतात, निम्म्या उत्पन्नावर नव्हे. व्यवसाय कराची नावनोंदणी मात्र लगेच करा. तिला पीटीईसी म्हणतात, आणि वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरावे लागतात.