अझोर्सचा विमानतळ आणि आमचा गोवा: काही संबंध आहे का?

रामबागची नात, इंदूर
आमचे आजोबा १९५५ साली मालव्यातल्या तुकडीबरोबर गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ १५ ऑगस्टला तिथेच गोळी लागून गेले. ते नाव आमच्याकडे आजही हलक्या आवाजात घेतात. आजोबा शेवटपर्यंत पोर्तुगालच्या हुकूमशहाबद्दल म्हणायचे, "सालाझार एकटा नव्हता गं, त्याच्या पाठीशी मोठे होते." परवा वाचलं की तटस्थ पोर्तुगालने १९४३ मध्ये ब्रिटनला अटलांटिकमधल्या आपल्या अझोर्स बेटांवरचा तळ वापरू दिला. तटस्थ देशाने असं का करावं? आणि याचा गोव्यापर्यंत काही धागा पोचतो का? परीक्षेसाठी नाही, आजोबांसाठी विचारतेय.

सराफ्याजवळचा
अटलांटिकच्या मधल्या पट्ट्यावर किनाऱ्यावरून निघालेली विमानं पोचत नसत, आणि जर्मन पाणबुड्या जहाजांचे काफिले तिथेच गाठत. अझोर्समधल्या तेर्सेइरा बेटावरचा लाजेसचा विमानतळ त्यासाठी हवा होता.

महूवाले काका
बेटा, हवं का होतं ते झालं, पण मिळवलं कसं ते बघ. मे १९४३ मध्ये वॉशिंग्टनला चर्चिल-रूझवेल्ट बेटं बळानेच घ्यायच्या विचारात होते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ईडन आणि उपपंतप्रधान अ‍ॅटली यांनी लंडनहून अडवलं, आधी मागून तर बघा म्हणाले. मग थेट १३७३ सालच्या इंग्लंड-पोर्तुगाल तहाचा हवाला दिला. सालाझारला ते सोयीचंच होतं: जुन्या मित्राचा शब्द राखला, युद्धात उतरलो नाही, असं सांगता येत होतं. १७ ऑगस्टला करार झाला, ८ ऑक्टोबरला ब्रिटिश उतरले.

अमेरिकेलाही जागा हवी होती. त्याच ऑक्टोबरात लिस्बनमधल्या अमेरिकी वकिलातीचा कारभार पाहणाऱ्या जॉर्ज केनन यांनी हमी दिली, पोर्तुगालच्या सगळ्या वसाहतींवरचं सार्वभौमत्व आम्ही मानू. सगळ्या म्हणजे गोवासुद्धा! तुझा धागा मला इथे दिसतो. पुढे डिसेंबर १९५५ मध्ये, राजाभाऊंना जाऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनात पूर्वेकडच्या पोर्तुगीज 'प्रांतां'चा उल्लेख आला. वसाहत नाही, प्रांत, म्हणजे पोर्तुगालचाच भाग. दिल्ली संतापली ती याच शब्दावर.

सराफ्याजवळचा
काका, सगळं एका तळावर टाकू नका. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो या पाश्चात्त्य लष्करी आघाडीतही होता.

महूवाले काका
खरंय. पण नाटोत त्याला मोल होतं ते याच बेटांमुळे. अमेरिकेचा तिथल्या तळाचा करार १९६२ अखेर संपत होता. आफ्रिकेतल्या अंगोला या पोर्तुगीज वसाहतीवरून केनेडींचं सरकार १९६१ मध्ये पोर्तुगालविरुद्ध मत देत होतं, ते पुढे मऊ पडलं. आणि डिसेंबर १९६१ मध्ये आपण गोवा घेतला तेव्हा सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्ध अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सनच बोलले. रशियाच्या नकाराधिकाराने आपण वाचलो.

रामबागची नात, इंदूर
काका, आजीला फोनवर वाचून दाखवलं. 'प्रांत' शब्दावर तिने थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.