शाळेत मुलांची ड्रग टेस्ट: संमतिपत्रावर सही करावी का?

मल्हारगंजची आत्या:

इथे इंदूरला माझ्या लेकीच्या शाळेनं नववी ते बारावीच्या पालकांना एक संमतिपत्र पाठवलंय. वर्षातून केव्हाही, आधी न सांगता, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांची लघवी तपासणार. 'पॉझिटिव्ह' आलं तर पालकांना बोलावून 'योग्य ती कारवाई'. शनिवारपर्यंत सही करून द्यायचंय. मी अजून केलेली नाही. का, ते सांगते.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपून माझा भाचा भंवरकुआँकडच्या एका कोचिंगच्या होस्टेलवर परतला. वहिनीनं सोबत अनारशांचा डबा दिला होता. आमच्याकडे अनारसा थापताना खसखशीला हात आखडता घेत नाहीत. पोरानं रात्री अभ्यास करता करता अर्धा डबा संपवला. दुसऱ्या दिवशी होस्टेलनं सगळ्यांची तपासणी केली. एक पट्ट्यांचं किट आणि ते वाचणारे वॉर्डन, बस. त्याचा अफूचा रकाना पॉझिटिव्ह. सोळा वर्षांच्या पोराला सगळ्यांदेखत ऑफिसात बसवलं, मोबाइल काढून घेतला, दादाला फोन केला. दादा गावाला म्हणून मी धावले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, शर्टाची बाही ओढून मुठीत धरलेली. "आत्या, मी काही नाही घेतलं गं," एवढंच म्हणत राहिला. आठ दिवसांनी दुसरा नमुना घेतला, त्यात काही निघालं नाही. माफी कुणी मागितली नाही. मुलं 'अफीमची' म्हणून हाक मारायला लागली आणि जानेवारीत त्यानं होस्टेल सोडलं.

एका पट्टीवर मुलाची अब्रू टांगायची असेल तर माझी सही मिळणार नाही. तुमचं काय मत?

खडूची तीस वर्षं:

ताई, भाच्याच्या बाबतीत झालं ते चूकच. पण वॉर्डन अडाणी निघाला म्हणून तपासणीच नको, हे मला पटत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळ बगरोदा औद्योगिक वसाहतीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाचा, अख्खा कारखाना सापडला, १८०० कोटींहून जास्त किमतीचा माल. हे आपल्या दाराशी आलंय. मी शिकवत असताना मुलं मला खाजगीत सांगायची, "सर, मित्र आग्रह करतात, नाही म्हटलं तर चिडवतात." अशा मुलाला नाही म्हणायला एक निमित्त लागतं. 'शाळेत तपासणी होते रे, पकडला जाईन' हे निमित्त मुलांच्या जगात चालतं.

अमेरिकेत ३६ शाळांमध्ये केलेला सरकारी अभ्यास २०१० साली आला. तपासणीच्या कक्षेत असलेल्या मुलांपैकी १६ टक्क्यांनी गेल्या महिन्यात नशा केल्याचं सांगितलं. तपासणी नसलेल्या शाळांतल्या तशाच मुलांमध्ये हे प्रमाण २२ टक्के होतं. शंभरात सहा मुलं वाचत असतील तर मी सही करीन.

लॅबमधली:

मी पॅथॉलॉजीत १४ वर्षं काम करतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट पट्टीची. गरोदरपणाच्या आणि कोविडच्या किटमध्ये दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह, हे आता घराघरात माहीत आहे. नशेच्या पट्टीवर नेमकं उलटं असतं. दोन रेघा म्हणजे काही नाही. 'टी'ची रेघ उमटलीच नाही तर संशय. रेघ पुसट असली तरी ती रेघच, निगेटिव्हच धरायची. शिकलेली माणसंही इथे चुकलेली मी पाहिली आहेत. पीटीच्या सरांच्या हाती किट दिलं तर काय होईल याचा विचार करा.

दुसरी खसखस. मंदसौर-नीमचकडे परवान्यावर अफू पिकते (परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरलाच आहे). त्याच बोंडांतलं बी आपण किराण्यातून आणतो. बोंडाचा चीक बियांना लागलेला असतो, म्हणून खसखस खाल्ली की लघवीत अफूतलं मॉर्फिन खरोखरच येऊ शकतं. अमेरिकेत नोकरदारांच्या तपासणीत अफूची मर्यादा एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. मुख्यतः याच घोळापायी १९९८ साली ती २००० केली. स्वस्त किट अजूनही ३०० वर चालतात.

आत्याताई, एक मात्र सरळ सांगते. आठ दिवसांनंतरच्या नमुन्यानं भाचा निर्दोष ठरत नाही, कारण तोवर हेरॉइनही निघून गेलं असतं. तसाच पहिल्या पट्टीनं तो दोषीही ठरत नव्हता. त्याच दिवशीचा नमुना सील करून मोठ्या लॅबला पाठवायला हवा होता. तिथल्या मशीनवर मॉर्फिन सापडलंच असतं, पण हेरॉइनची जी खास खूण असते, ६-एमएएम, ती शोधता आली असती. ती एका दिवसाच्या आतच निघून जाते. आणि 'काल काय खाल्लंस, औषध कुठलं चालू आहे' हे डॉक्टरनं विचारायला हवं होतं. टीबीची रिफाम्पिसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, सर्दीची स्यूडोएफेड्रिन, यांनीही पट्ट्या फसतात.

आता हिशोब. हजार मुलं धरा, त्यातली २० खरंच घेतात समजा. किट शंभरात ९५ वेळा बरोबर. म्हणजे २० पैकी १९ सापडली. उरलेल्या ९८० मधली पाच टक्के, म्हणजे ४९ मुलं, काही न घेता पॉझिटिव्ह. बोलावलेल्या ६८ पालकांपैकी ४९ जण निर्दोष मुलाचे आईबाप. किट वाईट नाही. सरसकट सगळ्यांवर वापरलं की असं होतंच.

एका मुलाची आई:

तुमचा हिशोब बरोबर असेल, लॅबताई. मी त्या उरलेल्या १९ मधल्या एकाची आई आहे. दोन वर्षं मला कळलं नाही. जेवण कमी झालं तर वाटायचं, परीक्षेचं टेन्शन. मग एकदा बाथरूमच्या पत्र्याच्या डब्यामागे चांदीच्या कागदाचे तुकडे सापडले, मधोमध काळी जळकी रेघ. मला वाटलं, चॉकलेटचा कागद. वास घेतला आणि खालीच बसले.

कुणी दोन वर्षांपूर्वी पट्टी लावली असती तर मी चार दिवस रडले असते, पण पोरगा आधी दवाखान्यात गेला असता. चूक झाली तर दुसरी तपासणी करता येते, तुमच्या भाच्याची करता आलीच ना? माझी ती दोन वर्षं कुठून आणू?

लॅबमधली:

ताई, वाचून गलबलून आलं. पण तुमच्या मुलाला आधी बघायला हवं होतं ते तुमच्या डॉक्टरांनी, त्यांच्या खोलीत, दार लावून. घरच्यांना शंका आली म्हणून केलेली तपासणी आणि चिठ्ठी टाकून केलेली, दोन्ही वेगळ्या. शंका असते तिथे पट्टीचं उत्तर खरं निघण्याची शक्यताही कितीतरी जास्त असते.

आणि मुलं नेमकं काय घेतात? २०१९ चं केंद्र सरकारचं, एम्सनं केलेलं सर्वेक्षण आहे. व्हाइटनर, सोल्युशन हुंगणारे १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांमध्ये ०.५८. साध्या पट्टीत हे दिसतच नाही. अफूच्या रकान्यात ट्रामाडॉल ही नशेसाठी घेतली जाणारी वेदनाशामक गोळीही येत नाही. शाळा म्हणेल 'आमच्याकडे सगळं स्वच्छ', आणि पालक निर्धास्त.

गेरमधला भिजलेला:

मी कॉलेजात आहे. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जातो, तिथे थंडाई पुढे केली जाते. भांग सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातली गांजाची व्याख्या नुसत्या पानांना लागू होत नाही. पण पट्टीला भांग आणि गांजा एकच. एकदा प्यालेली तीन-चार दिवस दिसते, रोजच्याची महिनाभरही. एमडी, कोकेनसारखं दोन-तीन दिवसांत निघून जातं. म्हणजे सणाला घोटभर पिणारा अडकतो आणि शनिवारी वाईट माल घेणारा बुधवारी सुटतो. हे मुलांना तुमच्या आधी कळतं. मग गांजा सोडून लवकर निघणारं काही घ्यायचं, हा धडा तपासणीच देईल.

काळा कोट:

सरांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: 'पुढे घेणार का' याचं उत्तर दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच आलं. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये खेळाडूंची आणि २००२ मध्ये शाळेच्या इतर उपक्रमांतल्या मुलांची तपासणी मान्य केली, ती अहवाल पोलिसांकडे जाणार नाही आणि शिक्षा फार तर उपक्रमातून वगळण्यापुरती, अशा योजनेत.

आपल्याकडे एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सेवन हाच गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेनसाठी एक वर्षापर्यंत, बाकीच्यांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद. उपचाराला आपणहून तयार होणाऱ्याला कलम ६४-अ संरक्षण देतं. 'योग्य ती कारवाई' या तीन शब्दांत शाळेनं यातलं काय धरलंय ते लेखी विचारा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानं खाजगीपणा मूलभूत हक्क ठरलाय. मुलालाही तो आहे.

खडूची तीस वर्षं:

पट्टीचं उलटं वाचन मला माहीत नव्हतं, हे कबूल करतो. वॉर्डननं ती वाचू नये. तरी तपासणी बंद करा म्हणणार नाही. बाहेरची लॅब, सील केलेला नमुना, डॉक्टरची खोली, आणि शिक्षा शून्य, असं असेल तर?

मल्हारगंजची आत्या:

सर, तसं असेल तर माझा विरोध बराच उतरेल. मी शाळेला चार प्रश्न लिहून देतेय: पट्टी कोण वाचणार; त्याच नमुन्याची पक्की तपासणी कुठे आणि कुणाच्या खर्चानं; अहवाल कोण कोण बघणार; आणि पॉझिटिव्ह मुलाला वर्गात बसू देणार की नाही. शिवाय मुलीच्या बाथरूमबाहेर कोण उभं राहणार, हा लेकीचा स्वतःचा प्रश्न आहे, तो तिनंच तिच्या अक्षरात लिहिलाय. उत्तरं येईपर्यंत सहीची जागा कोरी.

एका मुलाची आई:

मी धाकट्याच्या फॉर्मवर सही करून दिली आज. तुमचे प्रश्न मला पाठवा, ताई. तेही जोडते.