क्लॅट: मॉकचे गुण पन्नाशीतच अडकलेत, आधी काय दुरुस्त करू?

खिडकीजवळचा_बाक

नमस्कार. डिसेंबरच्या क्लॅट यूजीची (राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या कायद्याच्या पदवीची प्रवेश परीक्षा) तयारी चालू आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बारावी कला. मॉकमध्ये (सराव परीक्षेत) गुण 120 पैकी 50 ते 54 च्या पुढे सरकत नाहीत. ताज्या मॉकचा हिशोब देते:

इंग्रजी: 24 पैकी 22 सोडवले, 15 बरोबर, 7 चूक
जीके व चालू घडामोडी: 30 पैकी 20 सोडवले, 12 बरोबर, 8 चूक
लीगल: 30 पैकी 28 सोडवले, 17 बरोबर, 11 चूक
लॉजिकल: 24 पैकी 20 सोडवले, 13 बरोबर, 7 चूक
गणित: 12 पैकी 6 सोडवले, 4 बरोबर, 2 चूक

एकूण 61 बरोबर, 35 चूक, चुकीला पाव गुण वजा धरून 52.25. सगळे म्हणतात वाचनाचा वेग वाढव. लीगलसाठी राज्यघटना आणि नवे फौजदारी कायदे वाचायला घ्यावेत का? आणि खात्री नसलेले प्रश्न सोडून द्यावेत की ठोकून द्यावेत?

कलम_पोटकलम

आकडे विभागवार दिलेस हे बरे केलेस. नाहीतर इथे बहुतेक जण नुसता एकूण गुणांचा आकडा टाकतात आणि त्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

तुझी मोठी गळती लीगलमध्ये आहे, आणि ती वेगाची नाही. 30 पैकी 28 तू सोडवलेस, म्हणजे वेळ पुरला. चुकले 11. यातले सहा जरी सुधारले तरी सहा गुण मिळतात आणि कापलेला दीड गुण वाचतो, एकूण साडेसात. दुसऱ्या कुठल्याही विभागात एवढी स्वस्त वाढ नाही.

कायदे वाचायला घेऊ नकोस. 2020 पासून पेपर उताऱ्यावर आधारित आहे. नियम उताऱ्यातच दिलेला असतो आणि तोच लावून दाखवायचा असतो. अर्धवट कायदा माहीत असलेला विद्यार्थी इथे जास्त फसतो, कारण तो उताऱ्यातला नियम सोडून डोक्यातला लावतो. मूलभूत हक्क, करार कशाने होतो, टॉर्ट (भरपाई मागता येते असे दिवाणी नुकसान) म्हणजे काय, फौजदारी आणि दिवाणी यांतला फरक, इतकी तोंडओळख पुरे. तीही उतारा परका वाटू नये म्हणून.

एक उदाहरण घे. समज उताऱ्यात नियम असा आहे: कामाच्या ओघात नोकराने केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो, मात्र नोकर पूर्णपणे स्वतःच्या कामासाठी वाट सोडून गेला असेल तर नाही. घटना: माल पोचवणारा चालक कंपनीच्या गाडीत पेट्रोल भरायला ठरलेल्या रस्त्यावरून अर्धा किलोमीटर आत वळतो आणि तिथे एकाला धडक देतो. पर्यायांत एक हमखास असणार, ‘मालकाने त्या रस्त्याने जायची परवानगी दिली नव्हती, म्हणून तो जबाबदार नाही’. वाचायला पटणारे आहे, पण परवानगीचा शब्द नियमात कुठेच नाही. नियमातला कळीचा शब्द ‘पूर्णपणे’ आहे. कंपनीच्याच गाडीत पेट्रोल भरणे हे पूर्णपणे स्वतःचे काम होत नाही, म्हणून मालक जबाबदार. त्याच चालकाने मित्राला भेटायला गाडी वळवली असती तर उत्तर उलटे झाले असते.

म्हणून लीगलचा उतारा वाचताना पेन्सिलने तीनच गोष्टींवर खूण कर: अट काय, अपवाद काय, परिणाम काय. दोन अटी ‘अँड’ने जोडल्यात की ‘ऑर’ने, हे तर डोळे फाडून बघ. ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड दॅट’, ‘नॉटविथस्टँडिंग’, ‘इरिस्पेक्टिव्ह ऑफ’, ‘मे’ आणि ‘शॅल’ या शब्दांवर निम्मे प्रश्न उभे असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांची चूक बऱ्याचदा अवघड शब्दांत नसतेच, ती या जोडशब्दांवरून घसरत वाचण्यात असते.

आता चुकांची वही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिही, पण ‘सिली मिस्टेक’ हे कारण धरायचे नाही. उताऱ्यात नसलेली गोष्ट गृहीत धरली, अपवाद सुटला, प्रश्नातला ‘नॉट’ दिसला नाही, दोन पर्यायांत अडकून चुकीचा घेतला, शब्दच कळला नाही, असे नेमके लिहायचे. स्पष्टीकरण उघडण्याआधी चुकलेला प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडव. घड्याळाशिवाय बरोबर आला तर अडचण घाईची. तरीही चुकला तर समजुतीची. या दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. दोन तासांच्या मॉकमागे किमान तीन तास तपासणीला दे. रोज एक मॉक देऊन गुण तिथेच राहतात ते यामुळेच.

उलटी_घडी

वरचे सगळे मान्य, पण गणिताकडे कोणीच बघितले नाही. 12 पैकी 6 कोरे! या विभागात 10 ते 14 प्रश्न असतात, पातळी दहावीची: टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा, तक्ते आणि आलेख. कला शाखेची मुले याला घाबरून शेवटी ठेवतात आणि शेवटी वेळ उरत नाही. बारा सोडवून नऊ बरोबर आले तर 8.25; तुम्हाला मिळाले 3.5. फरक 4.75 चा. रोज दोन संच, तेही कागदावर, कारण परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही. अपूर्णांकांची टक्केवारी पाठच हवी: एक सप्तमांश 14.28, एक अष्टमांश 12.5, एक नवमांश 11.11, एक एकादशांश 9.09. इथे चूक आकडेमोडीत कमी होते. उताऱ्यातली माहिती नीट न मांडल्याने जास्त होते. म्हणून प्रश्न बघायच्या आधी आख्ख्या उताऱ्याचा एक छोटा तक्ता करून घ्या, मग पाच-सहा प्रश्न त्याच तक्त्यातून सुटतात.

वेळेचे बोलू. विभागवार वेळेचे बंधन नाही, त्यामुळे क्रम तुमच्या हातात आहे. सुरुवातीला हा साचा वापरून बघा: जीके 11 मिनिटे, लीगल 34, लॉजिकल 28, गणित 15, इंग्रजी 24. बेरीज 112, हाताशी आठ. गणित शेवटून दुसरे ठेवलेय ते मुद्दाम. इंग्रजीत वेळ कमी पडला तरी उताऱ्यावर नजर टाकून दोन-तीन उत्तरे निघतात. गणितात अर्ध्या वेळेत अर्धी उत्तरेसुद्धा येत नाहीत.

वेगाबद्दल लोक उगाच भीती घालतात. हिशोब करून बघा. साधारण 450 शब्दांचे वीसेक उतारे धरले तर 9,000 शब्द. मिनिटाला 150 शब्दांनी वाचले तर नुसत्या उताऱ्यांना 60 मिनिटे, 220 ने वाचले तर 41. म्हणजे 150 च्या खाली असाल तर वेगावर काम हवेच. 200 च्या पुढे असाल तर आणखी पळण्यात अर्थ नाही, तेवढ्याच वेळात परतपरत वाचणे कमी करा. तुमचे 24 प्रश्न कोरे आहेत, त्यातले 16 जीके आणि गणितातले. वाचनाचा वेग दुप्पट केला तरी त्यातले फारसे सुटणार नाहीत.

ओएमआर (उत्तरांचे गोल भरायची पत्रिका) मात्र मॉकमध्येच भरायची सवय लावा. परीक्षा कागदावर आहे. संगणकावर मॉक देणाऱ्यांचा अंदाज इथे चुकतो: एक गोल नीट भरायला चार सेकंद धरले तर 120 गोलांना आठ मिनिटे. सगळे शेवटी भरायला ठेवले तर एक ओळ सरकली की पुढचे सगळे सरकते, आणि पेनाने भरलेले पुसता येत नाही. एक उतारा संपला की त्याचे गोल भरायचे, मग पुढचा उतारा.

शेवटचा_अर्धा_तास

ठोकायचे की सोडायचे, याचे उत्तर कोणी दिले नाही. चार पर्याय, बरोबरला 1, चुकीला 0.25 वजा. डोळे मिटून ठोकले तर सरासरी प्रत्येक प्रश्नामागे 0.06 गुण मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर 0.17. दोन बाद झाले तर 0.375. दोनवर आलेला प्रश्न कोरा सोडणे म्हणजे गुण टाकून देणे. निगेटिव्हच्या धाकाने इतकी सावधगिरी बाळगायला गणिताचा आधार नाही.

कलम_पोटकलम

गणित बरोबर आहे, पण एक गोष्ट सुटतेय. ‘दोन बाद झाले’ असे वाटणे आणि ते खरोखर बाद असणे यात अंतर असते. लीगल-लॉजिकलमध्ये चुकीचे पर्याय खास मोहात पाडायलाच लिहिलेले असतात. बरोबर पर्यायच बाद करून उरलेल्या दोनांतून निवडले तर सरासरी 0.375 राहत नाही, थेट उणे 0.25 होते. म्हणून मॉकमध्ये अंदाजाने दिलेल्या उत्तरापुढे ठिपका दे आणि नंतर ठिपक्यांचे वेगळे गुण काढ. तीनात एक याहून कमी बरोबर येत असतील तर तुझे बाद करणेच बिघडलेले आहे. जीकेत हा धोका कमी, तिथे दोनवर आलीस की बिनधास्त भर.

खिडकीजवळचा_बाक

आभार. ठिपक्यांची युक्ती लगेच सुरू करते. दोन शंका. लॉजिकलमध्ये अझम्प्शनचे (गृहीतक ओळखायचे) प्रश्न सर्वांत जास्त चुकतात. आणि जीकेसाठी मासिक पीडीएफ वाचते, पण उतारा समोर आला की त्यातले नेमके तेच आठवत नाही.

उलटी_घडी

अझम्प्शनसाठी पर्याय उलटा करून बघा. युक्तिवाद असा धरा: सीसीटीव्ही बसवल्यावर चोरीच्या तक्रारी घटल्या, म्हणून सीसीटीव्हीमुळे चोऱ्या घटल्या. पर्याय: ‘चोरी झाल्यावर तक्रार करण्याचे लोकांचे प्रमाण कमी झालेले नाही.’ उलटा करा: ते प्रमाण कमी झाले आहे. निष्कर्ष लगेच कोसळतो, म्हणजे हेच गृहीतक. दुसरा पर्याय: ‘सीसीटीव्ही हा चोरी रोखण्याचा सर्वांत चांगला उपाय आहे.’ हा उलटा केला तरी निष्कर्ष उभाच राहतो, कारण सर्वांत चांगला नसूनही त्याने चोऱ्या घटू शकतात. ‘सर्वांत’, ‘फक्त’, ‘नेहमी’ असे टोकाचे शब्द आले की आधी संशय घ्यायचा. पण त्यावरून आंधळेपणाने बादही करायचे नाही. निष्कर्षच टोकाचा असेल तर गृहीतकही तसेच असू शकते.

कलम_पोटकलम

पीडीएफमध्ये बातमी एका ओळीत असते, पेपरात तिच्या आजूबाजूचे विचारतात. एका विषयाचे एक पान कर. निवडणूक रोख्यांचे उदाहरण: योजना 2018 ची, रोखे विकायचा अधिकार स्टेट बँकेकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 15 फेब्रुवारी 2024 ला योजना घटनाबाह्य ठरवली, आधार अनुच्छेद 19(1)(अ), मतदाराचा माहितीचा हक्क, माहिती जाहीर करायची जबाबदारी निवडणूक आयोगावर. नव्या फौजदारी कायद्यांचेही असेच पान: तिन्हींची नावे, त्यांनी कोणते जुने कायदे बदलले, अंमल 1 जुलै 2024 पासून, भारतीय दंड संहितेत 511 कलमे तर भारतीय न्याय संहितेत 358. हे जीकेसाठी हं, लीगलसाठी नाही.

अशी पाने आठवड्याला चार-पाचच होतील आणि तेवढी पुरतात. रविवारी जुनी पाने झाकून तोंडी म्हणायची. परीक्षेत जीकेचा उतारा पूर्ण वाचू नकोस. पहिल्या दोन ओळींत विषय कळला की थेट प्रश्नांवर जा. अडलीस तरच परत ये. अकरा मिनिटांत तो विभाग संपतो तो त्यामुळेच.

इंग्रजीला वेगळे पुस्तक नको. रोज इंग्रजी दैनिकातले दोन अग्रलेख वाचायचे, प्रत्येकाखाली एका वाक्यात लेखकाचे म्हणणे आणि दुसऱ्यात त्याचा सूर: टीका, शंका, पाठिंबा की नुसती माहिती. मराठीत लिहिलेस तरी चालेल, आकलन तपासायचे आहे.

शेवटचा_अर्धा_तास

जुने पेपर सोडवताना एक पथ्य. 2020 आधीचे लीगल आता निरुपयोगी. तेव्हा दोन ओळींचे तत्त्व आणि दोन ओळींची घटना असायची. 2020 ते 2023 चे पेपर चांगले, पण त्यांत 150 प्रश्न होते. 120 चा साचा 2024 पासून आला. त्यामुळे त्यांचे गुण आताच्या मॉकशी ताडून बघू नका. कन्सोर्टियम (क्लॅट घेणारा राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ) नोंदणी केलेल्यांना नमुना पेपर देते, ते शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा आणि दुपारी 2 ते 4 मध्येच सोडवा, कारण परीक्षा त्याच वेळेत असते. जेवणानंतरची सुस्ती घरीच कळलेली बरी.

दुसरी_फेरी

सोबत एमएच सीईटी लॉचा (महाराष्ट्राची कायद्याची प्रवेश परीक्षा) फॉर्म भराच. पुण्याचे आयएलएस, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय यांचे प्रवेश त्यातून होतात, क्लॅटमधून नाही. तिथे निगेटिव्ह नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. वरचे ठोकण्याचे सगळे गणित तिथे गैरलागू. प्रश्न छोटे, आणि घटनेची कलमे, कायद्याच्या संज्ञा, स्थिर जीके असे पाठांतराचे भाग जास्त. ते क्लॅटआधी उघडू नका, डिसेंबरनंतर वेळ मिळतो. एआयएलईटी (दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वेगळी परीक्षा) देणार असाल तर मात्र लॉजिकलचा सराव आत्ताच वाढवा: 150 पैकी 70 प्रश्न त्याचेच असतात, वेळ तेवढाच 120 मिनिटे, आणि गणिताचा स्वतंत्र विभाग नाही.